मीटरवरचं ‘येतो’

१

ही गोष्ट गौराने कुणाला सांगायची नव्हती. आईने तिला चुलीसमोर बसवून तसं कबूल करून घेतलं होतं. नितीनकाकाला नाही, शाळेत नाही, शायस्ताला तर मुळीच नाही. लिहायचं नाही, असं मात्र आई म्हणाली नव्हती. म्हणून मग हे लिहिणं, भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर, उजेड आहे तोवर.

गोष्ट सुरू होते ती बाबांच्या गाडीच्या मीटरपासून.

गौराचे बाबा, जगन, सरकारी दवाखान्याचा लसीचा डबा घेऊन पाड्यापाड्यांवर जायचे. निळा डबा, आत बर्फाच्या पिशव्या, मागच्या सीटला रबरी पट्ट्याने आवळलेला. घर जव्हार-मोखाडा रस्त्याला लागून, त्यामुळे त्यांची गाडी वळणावर आली की आवाजावरूनच कळायचं. पहिली गाडी जुनी होती, काट्याच्या मीटरची. गौरा लहान असताना पुढे टाकीवर बसायची आणि मीटरमधले फिरते आकडे मोठ्याने वाचायची. एकोणतीसनंतर तीस येतात हे तिला बाईंनी शिकवलं नाही, त्या आकड्यांनी शिकवलं. नऊशे नव्व्याण्णव झाले की बाबा मुद्दाम गाडी हळू करायचे.

“बघ हां, आता तिन्ही एकदम फिरतील. डोळा मिटशील तर गेलं.”

गौरा डोळा मिटत नसे. वाऱ्याने पाणी यायचं, पण मिटत नसे.

दोन वर्षांपूर्वी नवी गाडी आली. तिला काटा नव्हता. नुसती काळी काच, किल्ली फिरवली की तिच्यात सगळं उजळायचं. ती काच आपल्याला हवी तशी सजवता यायची, मोबाईलमधल्या अ‍ॅपवरून. पहिल्याच संध्याकाळी बाप-लेक ओट्यावर मोबाईल घेऊन बसले. आकड्यांना रंग कुठला? निळा नको, तो दवाखान्यासारखा वाटतो. भाताच्या रोपांसारखा हिरवा. वेग मधोमध, वेळ कोपऱ्यात, पेट्रोल खाली. गाडी चालू झाल्यावर काय दिसावं? ‘चला, जगन.’ नकाशात एक जागा कायमची लिहून ठेवता येत होती. तिथे त्यांनी लिहिलं, ‘घर’.

एकच ओळ उरली. गाडी बंद करताना दिसायचे शब्द.

“गाडी बंद केल्यावर माणूस काय म्हणतो?” बाबांनी विचारलं. “चहा टाक?”

“लिहा लिहा,” आतून आई म्हणाली. “मग चहा त्या मीटरलाच मागा.”

खूप हसले होते बाबा. ती ओळ तशीच राहिली. नंतर टाकू म्हणाले.

२

मागच्या आषाढात बाबा दाभोशाकडच्या एका फरशीपुलापाशी गेले आणि परत आले नाहीत.

फरशीवरून पाणी जात होतं. गाडी अलीकडे, स्टँडवर लावलेली सापडली. किल्ली तशीच. लसीचा डबा पट्टा सोडून उंचावरच्या खडकावर नीट ठेवलेला होता, आतला बर्फसुद्धा पुरता वितळला नव्हता. पाण्याचा अंदाज घ्यायला ते पायी उतरले असतील, असं सगळे म्हणाले. सात दिवस माणसं नदीकाठाने खाली खाली शोधत गेली. बाबा सापडले नाहीत. सापडलेच नाहीत म्हणून पुढचं काही करता आलं नाही, आणि आईने कुंकू पुसलं नाही. तिला तसं सांगायची कुणाची छाती झाली नाही.

गाडी चौकीत पावसात पडून होती. दिवाळीच्या आसपास काकांनी ती सोडवून जव्हारला मंसूरचाचांच्या गॅरेजात नेली. मंसूरचाचा एसटी डेपोच्या मागे गाड्यांची वायरिंगची कामं करतात. त्यांची शायस्ता दहावीत गौराच्या बाकावर बसते. दोघींच्या वाटचं बोलणं ती एकटी बोलते, त्यामुळे गौराला बरं पडतं.

“इंजिन एकदम ठीक है बेटा,” चाचा हात पुसत म्हणाले. “वायरी उंदरांनी खाल्लेल्या, त्या बदलल्या. मीटर जुनाच ठेवलाय. नवा टाकू?”

“नको,” गौरा म्हणाली.

चाचांनी काच फडक्याने दोनदा पुसली.

बाबांचा मोबाईल त्यांच्यासोबतच गेला होता. शायस्ताने ते अ‍ॅप आईच्या मोबाईलमध्ये घेतलं आणि गाडीला जोडलं. हिरवा रंग, मधोमध वेग, ‘चला, जगन’, ‘घर’, सगळं मीटरने जपून ठेवलेलं होतं.

“हे खालचं रिकामं दिसतंय,” शायस्ता म्हणाली. “बंद करताना काय लिहू?”

“राहू दे.”

“आता उघडलं ना मी. एकदा उघडलं की रिकामं घेत नाही ते. काहीतरी लिहावंच लागतं. अब्बूंच्या गाडीवर मी ‘हेल्मेट काढून डोकं खाजवा’ टाकत होते, मावलंच नाही.”

गौराने मोबाईल तिच्या हातातून घेतला आणि लिहिलं, ‘येतो’.

रोज सकाळी डबा बांधून झाला की बाबा दाराकडे बघून तेच म्हणायचे. घरातून निघणारं माणूस ‘जातो’ म्हणत नाही. गौराने दुसरा कुठला शब्द शोधलाही नाही.

शायस्ताने वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाली, “पण हे गाडी थांबल्यावर दिसणार ना गं? निघताना नाही. थांबलेलं माणूस येतो म्हणालं, तर कुठं येतो?”

“असू दे,” गौरा म्हणाली.

३

गाडी घरी आली. आता ती नितीनकाका चालवू लागले. सकाळी गौराला जव्हारला शाळेत सोडायचं, संध्याकाळी आणायचं, मधे त्यांची कामं.

पहिल्या दिवशी काकांनी अंगणात किल्ली फिरवली. काच काळी झाली आणि तिच्यात दोन सेकंद हिरवी अक्षरं उमटली. येतो. आई तेव्हा सुपात नागली पाखडत होती. तिने पाहिलं. सूप तसंच हातात धरून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गौरा एकटी असताना तिने हळूच म्हटलं, “ती गाडी जरा चालू करून बंद कर ना.”

मग दोघी गाडीपाशी उभ्या राहून ते दोन सेकंद बघायच्या. गौराला वाटायचं, एवढं पुरे आहे. एवढं राहिलं तरी चालेल.

चौथ्या दिवशी काकांनी हाक मारली.

“गौरे, इकडं ये. काय करून ठेवलंस मीटरला? अंगणात उभा हाय मी, आन् हे म्हणतंय घर चौदा किलोमीटर. ही गाडी माझ्यापेक्षा जास्त पिते की काय?”

काचेच्या वरच्या कोपऱ्यात, नकाशा लावल्यावर दिसतो तो छोटा बाण होता. त्याच्यापुढे ‘घर’ आणि त्याच्यापुढे १४.२.

नकाशा मोबाईल जोडल्याशिवाय दिसत नाही. मोबाईल आईच्या पेटीत होता, बंद. गौराने काचेवर बोट ठेवलं. काच गार होती. मार्गशीर्षातली कोरडी थंडी, भाताची कापणी होऊन गेलेली, गवत पिवळं पडलेलं. आणि काचेला आतून बारीक दव धरलेलं होतं.

गाडी अंगणात उभी होती. मग घर कुणापासून चौदा किलोमीटर होतं?

४

मंसूरचाचा म्हणाले, पाऊस खाल्लेला मीटर आहे, डोकं फिरणारच. जुनं काहीतरी आत अडकून बसलं असेल. काका म्हणाले, जगनचा मोबाईल कुणाच्या तरी हाती लागलाय, तोच चालू करत असेल. हे म्हणताना त्यांनी आईकडे बघायचं टाळलं. दोन्ही म्हणणी गौराला पटली. तिने दोन्ही मनात नीट लावून ठेवली, एकाने भागलं नाही तर दुसरं हाताशी असावं म्हणून.

पण आकडा उतरत होता.

काका गाडी चालवत तेव्हा तो हलत नसे. गाडी कुठेही न्या, तो तेवढाच. किल्ली बंद व्हायची, ‘येतो’ उमटायचं, आणि पुढच्या वेळी चालू केली की तो थोडा कमी झालेला असायचा. १३.९. १३.६. कधी तीन दशांश, कधी एकच. चढ लागला की माणूस दमतो तसं. गौरा वहीत आकडे टिपू लागली. फरशीपुलापासून जव्हारवरून घरापर्यंत रस्ता किती, हे तिने काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

“असेल चौदा-पंधरा,” काका म्हणाले. “कशाला गं?”

“भूगोलाला हवंय.”

काका तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले. ती कधी काही विचारत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आकडा आठवर आला तेव्हा तिने मनात म्हटलं, शिरपामाळाचा फाटा. तिथे बाबा तिला सहावीत असताना घेऊन गेले होते. दोघांनी कठड्यावर बसून पेरू खाल्ले होते, आणि बाबांनी बिया मोजल्या होत्या. उगीचच. एकशे बारा.

आता तिथे कोणी बसलं असेल का, असा विचार आला आणि पहिल्यांदा तिला बरं वाटलं. भीती नंतर वाटली.

५

६.१.

हा आकडा तिला पाठ होता. शाळेच्या फाटकापासून घराच्या अंगणापर्यंत बरोबर सहा पूर्णांक एक. सकाळी फाटकाशी उतरली तेव्हा बाणापुढे तोच होता.

दिवसभर ती खिडकीच्या बाकावर बसून होती आणि दिवसभर तिने खिडकीकडे पाहिलं नाही. गणिताच्या तासाला बाहेर कुणीतरी खोकलं. चौथ्या तासाला कुत्री एकदम भुंकायला लागली आणि एकदम गप्प झाली. शायस्ताने कोपराने ढोसलं.

“काय झालंय तुला? पेन उलटं धरलंयस.”

शाळा सुटल्यावर फाटकाशी बुधीमावशी, शाळेत झाडलोट करणाऱ्या, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. फाटकाशेजारी मुलांना न्यायला आलेली माणसं बसतात तो एक सपाट दगड आहे. बाबा नेहमी तिथेच बसायचे.

“कोण भिजलेलं बसलं होतं गं इथं?” बुधीमावशी म्हणाल्या. “दुपारपासून ऊन पडलंय, तरी वाळत नाय. दोनदा पुसलं मी.”

दगडावर माणूस बसल्यावर उमटावा तेवढा ओला डाग होता. कडा अगदी स्पष्ट. दगडाखाली, पाय टेकतील तिथे, मातीत पाणी जिरलेलं.

कोणाचं तरी दप्तर असेल, बाटली सांडली असेल, असं गौराने स्वतःला सांगितलं. मग तिला वाटलं, ते आपल्याला न्यायला आले होते आणि आपण खिडकीतून बघितलंसुद्धा नाही. हे वाटणं जास्त वाईट होतं.

संध्याकाळी अंगणात ५.८.

६

पुढच्या रविवारी काका मोखाड्याला लग्नाला गेले होते, एसटीने. आई कपडे धुवायला. दुपारचे दोन. गौराने खुंटीवरची किल्ली घेतली.

चला, जगन. घर ४.४. बंद.

येतो.

चला, जगन. घर ४.२. बंद.

येतो.

आधी तिला फक्त बघायचं होतं. मग थांबवेना. प्रत्येक वेळी ती दोन अक्षरं हिरवी व्हायची, भाताच्या रोपांसारखी, आणि तिला ओट्यावरची ती संध्याकाळ आठवायची. बाबांच्या शर्टाला येणारा दवाखान्याचा वास. ते बोटाला थुंकी लावून काचेवरचा डाग काढायचे ते. “ह्या काचेत सगळं दिसतं, गौरा, फक्त मागचं दिसत नाही, त्याला आरसा लागतो.” ती किल्ली फिरवत राहिली. ३.३. २.९. लवकर या ना, ती मनात म्हणत होती. किती हळू चालताय. लवकर या.

एकोणिसाव्या वेळी शब्द पुरता आलाच नाही. आधी ‘ये’ उमटलं. मग बराच वेळ काही नाही. मग ‘तो’.

धाप लागलेलं माणूस बोलतं तसं.

गौराने किल्ली काढून घेतली. तळहात ओला झाला होता. तिने फ्रॉकला पुसला आणि सवयीने हाताचा वास घेतला. घामाचा नव्हता. गाळाचा होता, पूर ओसरल्यावर नदीकाठी येतो तो.

१.९.

७

त्यानंतर तिने किल्लीला हात लावला नाही. पण काका लावत होते. त्यांना काय सांगणार?

बुधवारी शाळेला सुट्टी होती. काका चारच्या सुमारास आले, गाडी लावली आणि विहिरीकडे गेले. गौराने ओट्यावरून पाहिलं. जाताना त्यांनी किल्ली तशीच ठेवली होती आणि काच अजून उजळलेली होती.

घर ०.४.

अंगणातून रस्ता दिसतो. वळणावर एक मोरी आहे आणि मोरीपाशी एसटीचा पिवळा पडलेला खांब. त्यावर लिहिलं आहे, ‘विनंती थांबा’. आपण हात केला तरच गाडी थांबते, नाहीतर जाते निघून. तो खांब घरापासून चारशे मीटर आहे.

खांबाला टेकून कोणीतरी उभं होतं.

माघातलं लख्ख ऊन होतं. आकाशात चिमूटभर ढग नव्हता. आणि त्या माणसाने रेनकोट घातला होता, निळा, छातीवर चमकता पट्टा असलेला. डोक्यावर टोपी ओढलेली. हात खाली सोडलेले. इतक्या लांबूनही दिसत होतं की रेनकोटाच्या काठावरून पाणी गळतंय. एकसारखं. जणू त्याच्या एकट्यावर पाऊस पडत होता.

त्याचं तोंड घराकडे होतं. ऊन बरोबर समोरून येत होतं. तरी टोपीच्या आत सावलीच होती.

गौराला वाटलं होतं, ती धावत जाईल. किती वेळा तिने ते धावणं मनात करून पाहिलं होतं. उलट ती मागे सरकत सरकत घरात आली, आईच्या पेटीतून मोबाईल काढला, अ‍ॅप उघडलं. शब्द पुसला. रिकामं घेत नव्हतं. काहीतरी लिहावंच लागत होतं.

‘जातो’ लिहायला तिचं बोट धजेना. तो शब्द बाबांच्या तोंडी द्यायचा म्हणजे काय, ते तिला कळत होतं. ‘जा’ तर त्याहून नाही. दारातून तिने पुन्हा वळणाकडे पाहिलं. माणूस तसाच उभा होता. त्याच्या डोक्यावर खांबाची पाटी होती आणि पाटीवरचा दुसरा शब्द तिला पाठ होता.

तिने तोच लिहिला. थांबा.

मग डोळे मिटून अंगणात गेली आणि किल्ली फिरवली.

८

आकडा थांबला.

काकांनी गाडी किती वेळा चालू-बंद केली तरी ०.४. आठवडा गेला. गौरा नीट जेवू लागली. वळणावरून जाताना ती काकांच्या पाठीत तोंड घालून बसायची, तेवढंच.

“त्या मोरीपाशी काय लफडं हाय कळत नाय,” एकदा काका जेवताना म्हणाले. “एसटी उगीच थांबते. कोणी चढत नाय, उतरत नाय. डायव्हर म्हणतो, हात केला कोणीतरी. परवा तर कंडक्टरनं घंटी मारून पण गाडी हालेना. म्हणे, थांबा, माणूस येतोय.”

आईने त्यांच्या पानात भाकरी वाढली. तिचा हात जराही हलला नाही.

तेव्हाच गौराने आईकडे नीट पाहिलं. कुंकू नेहमीपेक्षा ठसठशीत होतं. केसांना तेल होतं. रोज दिवस कलायला लागला की आई चारेक भाकऱ्या आणि कालवण डब्यात भरून बाहेर पडत होती. गौराला वाटायचं, शेजारच्या सरूआजीला देत असेल, आजी एकटी असते. पण सरूआजीचं घर डावीकडे होतं. आई उजवीकडे जात होती.

एका संध्याकाळी ती ओट्यावर उभी राहिली. आई मोरीच्या कठड्यावर बसली होती, अगदी एका टोकाला. शेजारी दुसऱ्या माणसाला पुरेल एवढी जागा. आई त्या जागेकडे तोंड करून बोलत होती, मधेच हसली, मधेच तोंडाला पदर लावला. मग तिने हात पुढे केला आणि काहीतरी पुसल्यासारखं केलं. गालावरचं पाणी पुसतात तसं. हात तिथे अडला. हवेत अडत नाही तसा अडला.

डबा परत आला तो रिकामा, घासलेला. गौराने झाकण उघडून नाक जवळ नेलं. गाळाचा वास.

“कुत्रा खातो का गं भाकऱ्या?” तिने विचारलं. दुसरं काय विचारावं ते सुचेना.

“तुला दिसले ना?” आई म्हणाली.

गौराने झाकण परत लावलं.

“कुणाला सांगू नको. नितीनला कळलं तर तो भगताला घेऊन येईल. भगत त्यांना हाकलून देईल. किती लांबून चालत आलेत ते.” आईने तिला चुलीसमोर बसवलं. “म्हण, सांगणार नाही.”

“सांगणार नाही,” गौरा म्हणाली.

९

हे काल झालं. आज सकाळी आईने विचारलं.

“त्या दिवशी मी पाण्याला गेले होते. ते निघताना येतो म्हणाले असतील ना?”

“हो.”

“घरात तूच होतीस. मग तू काय म्हणालीस?”

गौराला तो दिवस असा आठवतो की त्यातलं काही पुसट झालेलं नाही. ती वेणी घालत होती, रिबीन दातात धरलेली. बाबा डबा बांधून दारात आले. येतो, म्हणाले. थांबले. रोज आई आतून ‘या’ म्हणायची, मगच ते किल्ली फिरवायचे. त्या दिवशी ते तिच्याकडे बघत उभे राहिले, हसले. बाबांना ‘या’ म्हणायची तिला लाज वाटली. ते मोठ्या बाईचं बोलणं. तिने नुसती मान खाली घातली. बाबा आणखी थोडे थांबले, मग गेले.

“काही नाही म्हणाले,” गौरा म्हणाली. “आई, मी काहीच नाही म्हणाले.”

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“निघालेल्या माणसाला घरातून कुणीतरी या म्हणायचं असतं,” ती म्हणाली. “नाहीतर त्यानं कुणाच्या बोलावण्यावर परत यायचं? वळणापर्यंत आलेत, पुढं पाऊल उचलत नाहीत. विचारलं तर बोट दाखवतात पाटीकडं. तू काय लिहिलंयस त्या मीटरवर?”

गौराने सांगितलं.

“ते काढ. या लिही.”

“आई, ते तसेच असतील का? पहिल्यासारखे?”

आई चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली.

“कसे का असेनात,” ती म्हणाली.

काका आज गाडी ठेवून सुरगाण्याकडे गेले आहेत, उद्या येतील. दिवसभर गौरा मोबाईल हातात घेऊन बसली होती. लिहिलं नाही, तर ते तिथेच उभे राहणार, उन्हात भिजत, येणाऱ्या-जाणाऱ्या एसटीला हात करत, तिने त्या दिवशी तोंड उघडलं नाही म्हणून. आणि लिहिलं तर सात महिने पाण्यात राहिलेलं जे काही आहे ते ह्या अंगणात येणार. तिला बाबा हवे होते. टोपीतली ती सावली नको होती. दोन्ही एकच असेल का, हे कुणाला विचारणार?

चार वाजता तिने लिहिलं. या. किल्ली फिरवली. दोन सेकंद हिरवा उजेड पडला आणि गेला. आकडा बघायला तिने पुन्हा गाडी चालू केली नाही. आत आली, दार लोटलं आणि वही उघडली.

आई आज डबा न घेताच गेली. जेवण घरीच आहे म्हणाली.

आता उजेड कमी झाला आहे. मघाशी मोरीकडून एक एसटी न थांबता गेली. त्यानंतर कुत्री भुंकली नाहीत. अंगणात बांगड्या वाजल्या, म्हणजे आई आली. तिच्या पावलांचा आवाज गौरा ओळखते. त्या आवाजामागे आणखी एक आवाज आहे, ओलं कापड जमिनीवरून ओढल्यासारखा, आणि तो बाबांच्या चालण्यासारखा आहे असं तिला वाटतंय, पण अगदी तसा

“गौरा,” आई बाहेरून म्हणतेय, “पाय धुवायला पाणी आण गं.”

आई पाय धुवायला कधी पाणी मागत नाही, ती येताना बोअरिंगवरच धुऊन येते, तेव्हा हे पाणी